मुलमुले, केतन

संगणकशास्त्रज्ञ, शिकागो विद्यापीठात प्राध्यापक. आयआयटी मुंबईतून बी.टेक. झाल्यावर त्यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डेना स्कॉट यांच्या मार्गदर्शनाखाली १९८५ मध्ये पीएच.डी. मिळवली. ‘फुल ॲब्स्ट्रॅक्शन अँड सिमँटिक इक्विव्हॅलन्स’ या त्यांच्या प्रबंधाला असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा १९८६ चा डॉक्टरेट प्रबंध पुरस्कार मिळाला. एमआयटी प्रेसने १९८७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

प्रबंधाचा विषय : प्रोग्रामचा अर्थ दोन रीतींनी सांगता येतो. तो चालवल्यावर यंत्र पायरीपायरीने काय करते, ही एक रीत. तो कोणते गणिती फलन दर्शवतो, ही दुसरी. दुसऱ्या रीतीचा पाया स्कॉट यांनी घातला. दोन्हींचा मेळ पूर्ण बसायचा तर एक अट पाळली जावी लागते : एका तुकड्याच्या जागी दुसरा ठेवल्याने कोणत्याच प्रोग्रामचा निकाल बदलत नसेल, तर आणि तरच दोन्ही तुकड्यांचा गणिती अर्थ एक असावा. हीच ‘पूर्ण अमूर्तता’.

पीसीएफ या छोट्या प्रोग्रामिंग भाषेसाठी स्कॉट यांचे प्रारूप ही अट पाळत नाही, हे गॉर्डन प्लॉटकिन यांनी १९७७ मध्ये दाखवले. अडचण ‘समांतर किंवा’ या फलनाची होती. त्याला दिलेल्या दोन विधानांपैकी एक सत्य असले की उत्तर ‘सत्य’ येते, मग दुसऱ्याची तपासणी कधीच न संपो. पीसीएफचा प्रोग्राम मात्र आधी एकच विधान तपासायला घेतो आणि नेमके तेच न संपणारे निघाले तर तिथेच अडकतो. म्हणजे प्रारूपात असे फलन आहे जे भाषेत लिहिताच येत नाही. त्यामुळे भाषेला सारखे वाटणारे दोन तुकडे प्रारूपात वेगळे ठरतात. रॉबिन मिल्नर यांनी त्याच वर्षी पूर्ण अमूर्त प्रारूप रचले, पण ते भाषेतील पदांपासूनच बांधलेले होते. मुलमुले यांनी जालकांचे बीजगणित वापरून पूर्ण अमूर्त प्रारूप स्कॉट यांच्या प्रारूपाचे उपप्रारूप म्हणून मिळवता येते हे सिद्ध केले. अर्थ सांगण्याच्या दोन पद्धती समतुल्य आहेत हे दाखवताना काही विशिष्ट विधेयांचे अस्तित्व सिद्ध करावे लागते. हे किचकट काम यंत्राकडून करून घेण्याची पद्धतही प्रबंधात आहे.

पुढील कार्य : उमेश वझिरानी व विजय वझिरानी यांच्यासह त्यांनी १९८७ मध्ये ‘आयसोलेशन लेमा’ मांडला. ‘न’ घटकांना १ ते २न यांमधील वजने यदृच्छया दिली, तर त्या घटकांच्या कोणत्याही ठरावीक संचसमूहात सर्वांत कमी वजनाचा संच एकमेव असण्याची शक्यता निम्म्याहून कमी नसते. यामुळे आलेखातील जोड्या लावण्याचा प्रश्न निश्चयक काढण्यावर आणता आला आणि अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी झटपट सोडवता आला.

आयआयटी मुंबईचे मिलिंद सोहोनी यांच्यासह मुलमुले यांनी ‘भौमितिक जटिलता सिद्धांत’ उभारला. त्याचा पहिला लेख २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निश्चयकाच्या विस्तारातील उणे चिन्हे अधिक केली की ‘पर्मनंट’ मिळतो. निश्चयक लवकर काढता येतो. पर्मनंट काढण्याची तशी झटपट रीत कोणालाच सापडलेली नाही. हा फरक गटांच्या प्रतिरूपण सिद्धांताने सिद्ध करावा आणि त्या वाटेने ‘पी विरुद्ध एनपी’ (ज्याचे उत्तर झटपट तपासता येते तो प्रत्येक प्रश्न झटपट सोडवताही येतो का?) या प्रश्नाकडे जावे, अशी ही योजना आहे. तिच्यातील सर्वांत सोपा मानलेला मार्ग पुरा पडत नाही, हे ब्युर्गिसर, इकेनमायर व पानोवा यांनी २०१६ मध्ये दाखवले. इतर मार्गांवर संशोधन चालू आहे.

प्रोग्रामचा अर्थ असो की गणनेची मर्यादा, बीजगणिताशिवाय तिथे नेमके काही बोलता येत नाही, हे मुलमुले यांच्या कामाचे सार आहे. गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्यांनी गट सिद्धांत आणि रेखीय बीजगणित परीक्षेपुरते ठेवू नये. भौमितिक जटिलता सिद्धांतातील संशोधनाची सुरुवात त्याच दोन विषयांपासून होते.