लुगड्याची कुंची

मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद नाव दिलं होतं, फुलांचं गाव. डोहाळजेवणाला तिथं फुलांची वाडी भरायची. पण १९७२ च्या दुष्काळात आमच्या सिन्नर तालुक्यात फूल आणायचं कुठून? पुढच्या उन्हाळ्यात थोरली वहिनी सातव्या महिन्यापर्यंत खडी फोडायला गेली. घरात रेशनची लाल मिलो. तरी आईनं डोहाळे सोडले नाहीत.

माझ्या जुन्या वह्यांची पानं कातरून, हळदीच्या पाण्यात बुडवून फुलं केली. बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं दोऱ्यात ओवलं. तुळईला चऱ्हाट बांधून पाट अडकवला, झाला झोपाळा. मावशीनं आपलं विटकं लुगडं उसवून कुंची नि दुपटं शिवलं. नव्या कापडाला पैसा नव्हता हे खरं. पण असता तरी तान्ह्याला जुनंच घालत. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते बोचत नाही. आता हॉलात फुगे लावतात, भाडं भरलं की झालं!

पेढा-बर्फीच्या जागी झाकल्या वाट्यांत गूळ नि फुटाणे. वहिनीनं फुटाण्यांची वाटी उघडली. बाया म्हणाल्या, मुलगी. मुलगीच झाली. कुंची पुढं चार लेकरांनी वापरली. उरलेला तुकडा आईनं गोधडीत घातला.