कुत्र्याच्या तोंडात डोकावताना

श्रोतेहो, बैलबाजारात गेलेला शेतकरी पैशाची गोष्ट काढण्याआधी काय करतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. एका हाताने नाक धरायचे, दुसऱ्याने खालचा ओठ उलगडायचा आणि आत पाहायचे. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती, की जुळलेला? हेड्या तोंडाने काही का सांगेना, भाव ठरतो तो बैलाच्या तोंडावरून. पण त्याच शेतकऱ्याच्या दारात दहा वर्षे राखण करणाऱ्या कुत्र्याचे दात घरातल्या कुणी कधी पाहिलेत काय? कुत्रा बाजारात विकायचा नसतो. म्हणून त्याचे दात आपल्याला आठवतात ते चावल्यावरच.

अर्थात कुत्र्याच्या तोंडात माणसाने कधी पाहिलेच नाही, असे मात्र नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीस देशात अॅरिस्टॉटल नावाचा थोर पंडित होऊन गेला. त्याने प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यात कुत्र्याचे वय दातांवरून ओळखण्याची खूण दिली: तरण्या कुत्र्याचे दात पांढरे नि टोकदार, म्हाताऱ्याचे काळे नि बोथट. कुत्र्याचे दुधाचे दात पडतात की नाही, यावर त्या काळी वाद होता. अॅरिस्टॉटलने सांगितले की पडतात, पण आतून नवा दात आल्यावरच जुना पडतो, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. याच पंडिताने बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात, असेही त्याच ग्रंथात लिहून ठेवले. घरातल्या घरात मोजून पाहिले असते तर भागले असते! असो.

पुढची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. कुत्र्याच्या जिभेखाली एक बारीक, लांबट दोरीसारखा भाग असतो. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सन ७७ च्या सुमारास लिहिले की हा एक किडा आहे, आणि पिल्लू लहान असतानाच तो काढून टाकला, तर कुत्रा कधी पिसाळत नाही. झाले! युरोपात ही समजूत अठराशे वर्षे टिकली. पिढ्यान्‌पिढ्या पिल्लांच्या जिभा चिरल्या गेल्या. इंग्रजी कोशकार जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या शब्दकोशात या उपद्व्यापाची चक्क टवाळी केली, तरी लोक काही थांबले नाहीत. तो भाग किडा नव्हेच. जिभेला आधार देणारा तो तिचाच एक अवयव आहे.

खरे कारण दाखवले ते १८०४ साली त्सिंके या जर्मन वैद्याने. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ घेऊन त्याने ती चांगल्या कुत्र्याच्या जखमेला लावली, आणि तो कुत्राही पिसाळला. म्हणजे विष लाळेत होते. १८८५ च्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो मुलगा वाचला. आपल्या देशात १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला या उपचाराच्या संस्था निघाल्या.

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला. कुत्र्याच्या तोंडाकडे आपण आजही निम्मे भीतीने आणि निम्मे बेफिकिरीने पाहतो, आणि या दोन्हींत घात आहे. पिसाळण्याचा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रा अंगावर धावून येत नाही. त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, त्याला गिळता येत नाही. घरातले म्हणतात, "हाड अडकलंय बिचाऱ्याच्या घशात," आणि कुणीतरी मायेने तोंडात हात घालतो. बंधुभगिनींनो, असे कधीही करू नका. अशा कुत्र्याला वेगळे ठेवून पशुवैद्याला बोलवा. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठा. हळद-चुना भरत बसू नका.

आता नुसत्या दातांकडे वळू. १७६२ साली फ्रान्समध्ये लिऑं येथे पहिली पशुवैद्यक शाळा सुरू झाली. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. त्या काळच्या पशुवैद्याचे लक्ष मुख्यतः घोड्यांवर आणि गुराढोरांवर असे, कारण पलटण, टांगा आणि नांगर त्यांच्यावर चालत. १९०६ च्या सुमारास अमेरिकेत मेरिलॅट यांनी जनावरांच्या दातांवर स्वतंत्र पुस्तक काढले. पण या विषयाच्या तज्ज्ञांची मान्यताप्राप्त संस्था तिथेसुद्धा १९८८ साली उभी राहिली. मांजराची पाळी तर त्याहून मागाहून आली.

मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात, मांजराला तीस. माणसासारखी दाढ किडणे कुत्र्यात फारसे आढळत नाही. त्याचे दुखणे हिरडीचे. दातांवर चिकट थर बसतो, थोड्याच दिवसांत त्याचा दगडासारखा पिवळा-तपकिरी कीटण होतो, हिरडी सुजते, रक्त येते, दात हलू लागतात. तीन वर्षांपुढच्या पुष्कळ कुत्र्यांत याची सुरुवात झालेली असते. पण जनावर कण्हत नाही. भाकरीचा तुकडा उचलते, टाकते, एकाच बाजूने चावते. आपण म्हणतो, म्हातारा झाला, अन्नावरची वासना उडाली. वासना उडालेली नसते हो. भूक असते आणि चावता येत नसते!

"हाडं चघळली की दात आपोआप साफ होतात," असे पुष्कळांचे म्हणणे. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या कवट्या तपासून १९९९ साली जी माहिती प्रसिद्ध झाली, तीत हिरडीचा रोगही दिसला आणि मोडलेले दातही. शिजवलेल्या हाडाच्या तर काचेसारख्या चिपा निघतात.

मग करायचे काय? लस टोचलेल्या, अंगावर हात फिरवू देणाऱ्या आपल्या कुत्र्याचा ओठ वर करून बोटाला गुंडाळलेल्या ओल्या मऊ फडक्याने दात बाहेरून पुसावेत. पिल्लूपणापासून सवय लावली तर ते खळखळ करीत नाही. रोज झाले तर उत्तम. मिश्री लावू नका. तंबाखू त्याला विषच. माणसाची पेस्टही नको, कारण कुत्र्याला चूळ भरता येत नाही, ते सगळे गिळते. काही पेस्टींत झायलिटॉल नावाची साखरेसारखी वस्तू असते, तीही कुत्र्याला विषारी. एकदा बसलेला कीटण फडक्याने निघत नाही. तो भूल देऊन पशुवैद्यानेच काढायचा.

गुरुजींना एक सुचवतो. शाळेजवळच्या घरी ओळखीचे, लस झालेले पिल्लू असेल, तर ते चार महिन्यांचे झाल्यापासून सात महिन्यांपर्यंत धन्याला अधूनमधून त्याचा ओठ वर करायला सांगावे आणि मुलांना लांबून दात मोजू द्यावेत. दुधाचे अठ्ठावीस असतात. पडलेला दात पिल्लू बहुधा गिळून टाकते; पण नशिबाने एखादा अंगणात सापडला, तर तो काडेपेटीत घालून वर्गात ठेवा.