जपानी ८-बिट व्हिडिओ गेम संगीत

जपानी ८-बिट व्हिडिओ गेम संगीत म्हणजे प्रामुख्याने १९८० च्या दशकात जपानमध्ये व्हिडिओ गेमसाठी रचले गेलेले आणि खेळयंत्रातील चिपनेच निर्माण केलेल्या नादांतून वाजणारे संगीत होय. आरंभी खेळाची साथ एवढीच त्याची ओळख होती. पुढे त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि वाद्यवृंदांनी ते मैफलीत सादर केले. जपानी भाषेत या नादासाठी 'पिको-पिको' हा ध्वन्यनुकारी शब्द रूढ आहे, तर तो ऐकून मनात जागणाऱ्या सुखद आठवणींसाठी 'नात्सुकाशी' हे विशेषण वापरतात. मात्र हे संगीत केवळ स्मरणरंजनामुळे टिकले असे म्हणता येत नाही, कारण त्या काळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता असे श्रोतेही ते आवडीने ऐकतात.

उगम

ताइतो कंपनीच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) या खेळात चार उतरत्या खर्ज स्वरांचे आवर्तन सतत वाजते आणि पडद्यावरील शत्रू कमी होऊन वेगाने सरकू लागले की त्याची लयही वाढते. चार स्वरांना संगीत म्हणावे की नाही याविषयी मतभेद संभवतात. परंतु खेळाच्या स्थितीनुसार लय बदलण्याची कल्पना येथे स्पष्ट दिसते. नामकोच्या 'रॅली-एक्स' (१९८०) मध्ये खेळ चालू असताना सलग वाजणारी धून आली. १९८४ मध्ये 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा'चे हारुओमी होसोनो यांनी नामकोच्या खेळांतील संगीताची 'व्हिडिओ गेम म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. या प्रकारातील आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते.

यंत्राची घडण आणि रचनेची रीत

निन्टेंडोचे 'फॅमिली कॉम्प्युटर' (संक्षेपाने फॅमिकॉम) हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्याच्या मुख्य चिपमध्येच ध्वनिनिर्मितीची सोय होती आणि तीत पाच चॅनेल होते. दोन चॅनेल चौकोनी तरंगांचे. मुख्य धून व तिची जोड बहुधा यांवर वाजे. तिसरा त्रिकोणी तरंगाचा, सामान्यतः खर्जासाठी; त्याचा आवाज कमी-अधिक करण्याची सोयच नव्हती, स्वर एक तर वाजे किंवा थांबे. चौथ्या चॅनेलवर नुसती खरखर निर्माण होई, तिचे बारीक तुकडे करून तालवाद्याचा भास साधला जाई. पाचवा चॅनेल ध्वनिमुद्रित नादांचे लहान तुकडे वाजवण्यासाठी होता, परंतु असे तुकडे फार जागा व्यापत असल्याने त्याचा वापर जपून होई.

चौकोनी तरंग किती वेळ वर व किती वेळ खाली राहतो, त्या प्रमाणावर नादाचा पोत अवलंबून असतो. प्रमाण बदलले की तोच स्वर कधी पोकळ, कधी टोकदार ऐकू येतो. वाद्ये बदलण्याची सोय नसलेल्या रचनाकारांपाशी रंग बदलण्याचे हे प्रमुख साधन होते. शिवाय खेळातील इतर आवाजही याच चॅनेलांवर वाजत. उडीचा किंवा नाणे मिळाल्याचा आवाज झाला की संगीताचा एक पदर क्षणभर लुप्त होई. म्हणून एक पदर गळाला तरी उरलेली धून उभी राहील अशी बांधणी करावी लागे.

जागेची टंचाई तर विलक्षण होती. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा संपूर्ण खेळ, चित्रे व संगीत यांसह, सुमारे ४० किलोबाइटांत मावतो. साहजिकच धून थोडक्यात आटोपून पुन्हा आरंभाकडे वळे. खेळणारा ती शेकडो वेळा ऐकणार, हे गृहीत धरूनच ती रचलेली असे. तिचा कंटाळा येऊ नये ही रचनाकाराची खरी कसोटी होती.

प्रमुख रचनाकार

कोजी कोंडो (जन्म १९६१, नागोया) हे १९८४ मध्ये निन्टेंडोत रुजू झाले. 'सुपर मारिओ ब्रदर्स'साठी केलेली पहिली धून पात्राच्या हालचालीशी जुळेना म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली. नंतरची धून धावण्याच्या व उडी मारण्याच्या लयीशी एकरूप झाली. या खेळात वेळ संपत आला की संगीत द्रुत होते. 'द लेजंड ऑफ झेल्डा' (१९८६) मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस रॅव्हेल यांचे 'बोलेरो' वापरण्याचा त्यांचा विचार होता. परंतु त्या रचनेचे स्वामित्वहक्क अद्याप संपले नसल्याचे कळल्यावर त्यांनी ऐनवेळी नवी धून रचली. आज ती या मालिकेची ओळख बनली आहे.

कोइची सुगियामा (१९३१–२०२१) यांची वाट निराळी होती. दूरचित्रवाणी व लोकप्रिय गीतांच्या क्षेत्रात नाव मिळवल्यावर ते या माध्यमात आले. एनिक्सच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) साठी त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या धाटणीची रचना केली आणि १९८७ मध्ये टोकियोत तिची वाद्यवृंदासह मैफल झाली. त्याच वर्षी आलेल्या 'फायनल फॅन्टसी'चे रचनाकार नोबुओ उएमात्सु आहेत.

श्रेयाचा प्रश्न

'ड्रॅगन क्वेस्ट'च्या अखेरीस सुगियामा यांचे नाव पडद्यावर येते. कंपनीत नोकरीस असलेल्या तरुण रचनाकारांच्या वाट्याला असा मान क्वचितच आला. प्रतिस्पर्ध्यांनी आपली माणसे पळवू नयेत म्हणून अनेक कंपन्या त्यांची खरी नावे प्रकट करीत नसत. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये श्रेयनामावलीच नाही. कोनामीच्या 'कॅसलव्हेनिया'मध्ये (१९८६) संगीतकार म्हणून 'जेम्स बनाना' असे नाव झळकते. ड्रॅक्युलाच्या चित्रपटांचे ब्रिटिश संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावाची ही थट्टा होय. त्या टोपणनावामागे किनुयो यामाशिता होत्या. सातोए तेराशिमा यांचाही त्या संगीतात सहभाग होता. कॅपकॉमच्या 'मेगा मॅन'च्या (१९८७) रचनाकार मानामी मात्सुमाए यांनाही टोपणनावानेच श्रेय मिळाले.

या उदाहरणांतून आणखी एक गोष्ट लक्षात येते. या क्षेत्रात आरंभापासून स्त्रियांचा वाटा मोठा आहे. नामकोच्या 'द टॉवर ऑफ ड्रुआगा'चे (१९८४) संगीत जुन्को ओझावा यांचे, तर 'स्ट्रीट फायटर २'चे (१९९१) बरेचसे संगीत योको शिमोमुरा यांचे आहे. नावे झाकली गेल्याने हा वाटा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. ध्वनिमुद्रिकांची पत्रके आणि रचनाकारांच्या मुलाखती यांच्या आधारे अभ्यासक व रसिकांनी पुढे अनेक रचनांचे कर्तृत्व निश्चित केले.

उत्तरकाळ

१९९० मध्ये आलेल्या 'सुपर फॅमिकॉम'मध्ये सोनीची ध्वनिचिप होती. तीत आठ चॅनेल असून ध्वनिमुद्रित नादांचे नमुने वाजत, त्यामुळे ८-बिट पोत मागे पडला. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत कोंडो यांची मारिओची धून समाविष्ट केली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला.

भारताशी संबंध

२३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशींच्या पथकांचे संचलन जपानी खेळांच्या संगीतावर झाले. आरंभ 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या धूनने झाला. मेरी कोम व मनप्रीत सिंग ध्वजवाहक असलेले भारतीय पथकही याच संगीतमालिकेच्या साथीने चालले. या संचलनात निन्टेंडोच्या रचना मात्र नव्हत्या.

भारतीय घरांत हे नाद त्यापूर्वीच पोचले होते. १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकला असलेली स्वस्त यंत्रे येथे सर्रास विकली जात व त्यांच्या कार्ट्रिजला मुले 'कॅसेट' म्हणत. 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' यांच्या धून महाराष्ट्रातील त्या पिढीला परिचित आहेत, त्या रचणाऱ्यांची नावे क्वचितच. अशा नकली यंत्रांपैकी अनेकांच्या चिपमध्ये चौकोनी तरंगाच्या दोन प्रमाणांची (२५ व ५० टक्के) अदलाबदल झालेली असे. अशा यंत्रावर वाजलेल्या धूनचे स्वर तेच राहत, परंतु पोत मूळ जपानी यंत्राहून निराळा ऐकू येई.