निकेलची धूळ आणि सूत्रकृमी

जर्मनीतील खाणकामगारांना एका तांबूस खनिजाने एके काळी फार छळले. दिसावयास ते तांब्यासारखे. पण कितीही भाजले तरी त्यातून तांबे म्हणून निघत नसे. हे खाणीतल्या कुणा खट्याळ पिशाच्चाचे काम असावे असे समजून त्यांनी त्या दगडास ‘कुप्फरनिकेल’, म्हणजे तांब्याचे भूत, असे नाव ठेविले. १७५१ साली स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट याने अशाच एका खनिजातून नवा धातू वेगळा केला, आणि त्या शिवीतला अर्धा भाग त्याला कायमचा चिकटला. पुढे हा धातू लोकांच्या खिशांत जाऊन बसला. हिंदुस्थानात १९०७ साली निघालेला लहरी काठाचा एक आणाही तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचाच होता.

खिशातले निकेल कुणास भय घालीत नव्हते. भय होते ते शुद्धीकरणाच्या कारखान्यात. अशुद्ध निकेलवरून कोमट कार्बन मोनॉक्साइड वायू नेला असता धातूच वायुरूप होतो, आणि तो वायू आणखी तापविला की शुद्ध निकेल मागे उरते, ही किमया लुडविग माँड याने १८९० साली प्रसिद्ध केली. तिच्या बळावर वेल्समधील क्लायडॅक येथे १९०२ साली कारखाना उभा राहिला. कच्चा माल कॅनडाच्या खाणींतून येई. काही वर्षे लोटली आणि तेथील कामगारांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. नाकातील पोकळीचा कर्करोग एरवी अत्यंत विरळा. तो या एकाच गावच्या कामगारांत पुनःपुन्हा आढळू लागला. १९३० नंतर कारखाना-निरीक्षकांनी त्याची नोंद घेतली. १९४९ साली ब्रिटनने निकेल-कामगारांच्या नाकाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगास व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली. १९५८ साली रिचर्ड डॉल यांनी त्या भागातील मृत्युनोंदी तपासून हिशेब मांडला: या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा धोका सुमारे पाचपट, तर नाकाच्या कर्करोगाचा सुमारे दीडशेपट होता!

मात्र अपराधी कोण, हे या आकड्यांवरून कळेना. प्रथम संशय गेला तो निकेलच्या त्या वायूवर, आणि ते स्वाभाविकच होते, कारण तो वायू जहाल विषारी आहे. परंतु १९७० सालच्या पाहणीत दिसून आले, की नाकाच्या कर्करोगाचे संकट मुख्यतः १९२५ पूर्वी कामास लागलेल्यांवरच कोसळले होते. वायूची ती पद्धत तर पुढेही चालूच होती. तेव्हा संशय भट्ट्यांतील धुळीकडे वळला. ही सारी माहिती माणसे मेल्यानंतर, त्यांची मोजदाद करून मिळाली, हे विसरता येत नाही.

क्लायडॅकच्या पूर्वेस, खाडी ओलांडली की ब्रिस्टल लागते. १९५१ साली त्या शहराजवळ अळिंब्यांच्या खतात सापडलेला एक सूत्रकृमी पुढे केंब्रिजला पोचला. एमिल मोपा याने १९०० साली अल्जीरियातून या जातीचे वर्णन केलेच होते. लांबी अवघी एक मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक, तीन-साडेतीन दिवसांत नवी पिढी. सिडनी ब्रेनर यांनी १९६३ साली याच्याच अभ्यासाचा संकल्प सोडला. त्याच्या प्रौढ देहात पेशी ९५९, त्यांत मज्जापेशी ३०२. आणि १९८३ पर्यंत एकूण एक पेशीची वंशावळ लिहून झाली. राजघराण्यांच्या वंशावळीही इतक्या निर्दोष नसतात.

असा जीव विषपरीक्षेस फार सोयीचा. १९८८ साली धातूंच्या क्षारांची मारकता त्याच्यावर मोजून ती उंदीर-घुशींवरील प्रयोगांशी ताडून पाहण्यात आली. निकेलची पाळीही आली. निकेल सल्फेटने कृमींत उत्पन्न झालेले अनेक दोष पुढच्या पिढीतही उतरतात, असे चिनी संशोधकांनी २००८ साली दाखविले. ज्या संततीने ते विष कधी चाखलेही नव्हते, तिच्यात! २०२० साली आणखी एका अभ्यासात निकेलमुळे कृमींच्या मज्जापेशी झिजलेल्या आढळल्या. जिवंत कृमीच्या अंगात चमकणाऱ्या प्रथिनामुळे ही झीज सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते.

तथापि या कृमीस नाक नाही, फुप्फुसे नाहीत, आणि क्लायडॅकच्या भट्टीवाल्यांनी जी धूळ श्वासावाटे घेतली ती त्याला घेता येत नाही. द्रावणात विरघळलेले विष पेशीत शिरून काय करते, एवढे तो सांगतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली निकेलची संयुगे मनुष्यास कर्करोगकारक ठरविली, तेव्हा तिच्यापुढे मुख्य पुरावा होता तो वेल्स, कॅनडा आणि नॉर्वे येथील कामगारांच्या नोंदींचा.