माहुलीचा खंड्या व रायगडचा वाघ्या

गेल्या पावसाळ्यांत नवी मुंबईंत, खारघर येथें, आमच्या शेजाऱ्यांचें पाळीव कुत्रें वार्धक्यानें मेलें. पुरावयास अंगण नाहीं, दहनाची सोय जवळ नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं आम्हांस दोन प्रश्न विचारिले : सुतक धरावें काय, व अस्थि नदींत सोडाव्या काय? पहिल्याचें उत्तर सोपें होतें. आशौच हें सपिंडादि संबंधावर अवलंबून. पशूच्या मरणानें तें येत नाहीं. दुसऱ्या प्रश्नानें मात्र आम्हांस पुन्हा पोथ्या सोडावयास लाविल्या.

अरण्यकांडांत रामानें जटायूची चिता रचिली, अग्नि दिला, पिंड ठेविले व गोदावरीवर जाऊन उदकही दिलें. हा संबंध कुळाचा नव्हे, उपकाराचा. हेंच सूत्र आम्हांस सातारच्या इतिहासांत सांपडतें.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमीं, माहुलीस, शाहू छत्रपतींच्या खंड्या नामक कुत्र्याची समाधि दाखवितात. शाहूंचें देहावसान १७४९ च्या डिसेंबरांत झालें व त्यांचें दहनही याच संगमीं झालें; धनी व कुत्रा यांची स्मारकें अशीं एका तीर्थीं आहेत. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत लिहिलें आहे कीं, शाहूंनीं आवडत्या कुत्र्यास जरीचा पोषाख व जवाहीर घातलें, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, त्यास जहागिरीची सनद दिली व पालखीचा मान दिला. डफ हें सर्व बुद्धिभ्रंशाच्या सदरांत घालतो. परंतु त्या कुत्र्यानें शिकारींत शाहूंस वाघापासून वांचविलें होतें, हें सांगणाराही डफच! पगडीचा प्रकार वेडाचा म्हणावा. जीव वांचविणाऱ्यास इनाम देणें हें तर त्या काळचें राजकर्तव्यच होतें. या बाबतींत साहेबाचा निकाल आम्हांस मान्य नाहीं.

रायगडच्या वाघ्याची गोष्ट निराळी. १६८० सालीं शिवछत्रपतींच्या चितेंत त्यानें उडी घेतली ही कथा सर्वतोमुखीं आहे. पण सभासदाच्या बखरींत, जेथें महाराजांच्या निधनाचें वर्णन आहे तेथें, त्याचें नांवही नाहीं. सध्यांचें स्मारक १९३६ चें. २०१२ सालीं कांहीं कार्यकर्त्यांनीं तें उखडलें व तें पुन्हा बसविण्यांत आलें. २०२५ सालीं तें हटविण्याची मागणी पुन्हा झाली. आमचें मत असें कीं, कथेस कथा म्हणून ठेवावें. वाघ्याच्या चौथऱ्याच्या पुराव्यानें १६८० चा इतिहास सिद्ध होत नाहीं, आणि वाघ्यावरील आक्षेपानें माहुलीचा खंड्या खोटा ठरत नाहीं. दोहोंची गल्लत आम्हीं पुष्कळदां ऐकिली आहे, विद्वानांच्या तोंडूनही.

शेजाऱ्यांनीं अखेर कुत्र्याचें दहन खाडीपलीकडे मुंबईंत केलें. तेथें महापालिकेनें २०२३ सालीं मालाड येथें लहान प्राण्यांसाठीं वायुइंधनावर चालणारी दाहिनी उघडली आहे. रक्षा त्यांनीं गच्चीवरील कुंडींत घालून वर अनंताचें रोप लाविलें. नदी सुटली, शास्त्रासही बाध आला नाहीं. त्यांच्या धाकट्या मुलीनें कुंडीवर खडूनें नांव लिहिलें होतें, तें पहिल्याच सरीनें धुऊन गेलें. आतां तिनें आमच्याकडून तें बालबोधींत पाटीवर लिहवून घेतलें आहे.

सनद दिली म्हणजे दफ्तरीं तिची नोंद, पालखी चालविली म्हणजे भोयांचा खर्च, हें ओघानेंच येतें. सातारा प्रांतींच्या ज्या घराण्यांकडे शाहूकालीन फडांचे कागद असतील, त्यांनीं शिकारखान्याचीं व पालखीखर्चाचीं टिपणें या दृष्टीनें एकवार चाळावींत, व खंड्याचें नांव कोठें आढळल्यास ती नक्कल मंडळाकडे धाडावी.