पानाचा तळ कोणाचा?

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिकाला थोडी जागा मिळत असे. मूळ ग्रंथ त्याचा नसे. परंतु ग्रंथसमाप्तीनंतरच्या पुष्पिकेत तो आपले नाव, गाव, शक नोंदवी. पोथ्यांचा कालनिर्णय करताना अभ्यासकाला बहुधा याच ओळींचा आधार असतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वेबवरही अशी एक तळाची जागा निर्माण झाली. तिचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही.

मार्क अँड्रीसन आणि जीना बियांकिनी यांनी 2004 मध्ये 'निंग' ही कंपनी काढली. कोणत्याही समूहाला स्वतःचे सोशल नेटवर्क उभारता यावे, ही तिची कल्पना. सर्व्हर आणि प्रणाली कंपनीची. सभासद आणि लेखन समूहाचे. म्हणजे घर भाड्याचे, संसार आपला. मांडणीसाठी ठरावीक साचे दिलेले असत. तथापि संचालकाला वाचकसंख्या मोजणारा कोड चिकटवण्यासाठी एक चौकोन दिलेला असे, आणि त्यात लिहिलेले प्रत्येक पानाच्या तळाशी जोडले जाई. त्या चौकोनात मोजणीखेरीज इतर कोडही चालतो, हे संचालकांच्या लवकरच लक्षात आले.

तळाच्या जागेचे महत्त्व तांत्रिक आहे. ब्राउझर पान वरून खाली वाचतो. शेवटी आलेल्या स्क्रिप्टला वरची सारी रचना तयार झालेली मिळते; तिच्यात ती फेरफार करू शकते. 2006 मध्ये आलेल्या 'जेक्वेरी'ने हे काम दोन-चार ओळींवर आणले. नको असलेला दुवा लपवावा, इंग्रजी शीर्षकाच्या जागी आपल्या भाषेतील शब्द घालावा, सूचना झळकवावी, हे सारे शक्य झाले. घरमालकाचे वाक्य न खोडताही वाचकापर्यंत पोचता पोचता ते बदलता येत होते. कधी कधी मूळ शब्द क्षणभर दिसे आणि मग पालटे. त्या क्षणात दोन लेखक एकाच पानावर दिसत.

हा अधिकार निरुपद्रवी नव्हता. 'मायस्पेस'वर ऑक्टोबर 2005 मध्ये एका सभासदाने आपल्या पानात पेरलेली स्क्रिप्ट वीस तासांत दहा लाखांहून अधिक पानांवर पसरली होती. 'निंग'वर तळाचा कोड संचालकाच्या हाती राहिला. सामान्य सभासद त्याचा परिणाम पाही, कोड सहसा पाहत नसे. समूहाच्या पानावर काय दिसावे आणि काय झाकले जावे, याचे संपादन असे निनावीपणे होत होते.

शिक्षकांनी या सोयीचा मोठा उपयोग केला. अमेरिकेतील 'क्लासरूम 2.0' आणि इंग्रजीच्या अध्यापकांचे 'इंग्लिश कंपॅनियन' ही त्याची ठळक उदाहरणे. एप्रिल 2010 मध्ये कंपनीने मोफत सेवा बंद करण्याचे आणि सुमारे 40 टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. पुढे उत्तर अमेरिकेतील शिक्षकांच्या छोट्या नेटवर्कांना पिअर्सन या प्रकाशनसंस्थेने आश्रय दिला. इतरांपुढे पैसे भरणे किंवा घर सोडणे हेच पर्याय होते. लेख सोबत नेता येतात. तळाचा कोड नेऊन उपयोग नसतो. तो त्या विशिष्ट घरातील खोल्यांची नावे घेऊन लिहिलेला असतो. घर बदलले, किंवा मालकानेच भिंती हलवल्या, की तो निरर्थक ठरतो.

म्हणून या काळातील वाङ्मयीन समूहांचा अभ्यास करणाऱ्याने जतन झालेले पान नुसते पाहून थांबू नये. त्याचा मूळ कोड उघडून अखेरच्या ओळी वाचाव्यात. कोणते शब्द बदलले, काय लपवले, हे तेथे सापडण्याचा संभव आहे. केवळ सभासदांसाठी असलेली नेटवर्के मात्र सार्वजनिक संग्रहांच्या हाती क्वचितच लागली. त्यांच्या पोथ्याही गेल्या आणि पुष्पिकाही.