ग्रेव्हरला धार आणि पॉलिश कसं करतात?

अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांचे अनेक कारखाने आहेत. दागिन्यावर हाताने नक्षी कोरायचं टोकदार हत्यार म्हणजे ग्रेव्हर. ते बोथट झालं की घसरतं, सोन्यावर ओरखडा उठतो, कधी बोटातही घुसतं.

धार लावताना पुढचा उतार साधारण ४५ अंशांचा ठेवतात. आधी ६०० ग्रिट, मग १२००. आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. शेवटी सुमारे १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट. पॉलिश कशाला? कोरताना टोकाखालची बाजू धातूला घासत जाते. तिच्यावरचे ओरखडे रेषेत उमटतात आणि रेष मंद दिसते. हत्यार कार्बाइडचं असेल तर डायमंडचीच चकती वापरा.

तपासायचं कसं? टोक नखावर हलकेच टेकवा. रुतलं तर धार आहे. घसरलं तर पुन्हा घासा.